पंख्याखालचं पातं

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या सदाशिव दामल्यांचा एक नियम आदर्श नगरातल्या सगळ्या गल्लीला ठाऊक होता: प्रोपेलर करताना घरातला पंखा बंद. जयपूरचा मे महिना असो, पाहुणे घामाने निथळोत, बंद म्हणजे बंद. शाळेच्या हॉलमध्ये रबर पिळून उडवायचं त्यांचं छंदाचं छोटं विमान दोन ग्रॅमही भरत नसे, आणि प्रोपेलरचं पातं तर कागदाहून पातळ. बाल्साचं हलकं लाकूड भिजवायचं, बाटलीवर तिरपं बांधून वाळवायचं, बाक आला की सुईच्या टोकाएवढ्या डिंकाने काडीला चिकटवायचं. एक शिंक आली की सगळी मेहनत पाण्यात.

आणि आता हाच माणूस दहा दिवस पंखा लावून कामाला बसत होता.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. पातं चिमट्यात धरलं की लटलट हलायचं. पंखा चालू असला की वाऱ्याने हलतंय म्हणता यायचं. बायकोला, अलकाला, आणि स्वतःलाही. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी बोटं, मग हातातला चमचा, आणि शेवटी पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजावं लागे. जन्मभर लोकांना आजारपणाचा विमा उतरवायला सांगणारा हा गृहस्थ स्वतः मात्र डॉक्टरचं नाव काढत नव्हता.

रविवारी दुपारी ते पातं चिकटवत असताना लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. अलका समोरच गवार निवडत बसली होती. खोलीत वाऱ्याचा मागमूस नव्हता आणि पातं हलतच होतं. सदाशिवरावांनी घाबरून डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं, तसं पातं मधोमध मोडलं.

"खिडकी उघडी राहिली वाटतं," ते म्हणाले.

अलकाने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कचऱ्यात रोज मोडकी पाती दिसतात मला," ती म्हणाली. "मंगळवारी अकराची वेळ घेतलीय डॉक्टरांची."

"कधी घेतलीस?"

"गेल्या सोमवारीच." तिची बोटं शेंगांवर थांबली. "रोज सांगायचं ठरवायचे. पण अहो, मीच इतकी घाबरले होते, की तुम्ही पंखा लावलात की मलाच बरं वाटायचं."