टाकीतली खडखड

आज गुडघ्याला चोळायला एरंडेल गरम केलं आणि त्या जड वासाने मला थेट निफाडला नेलं, मामाच्या द्राक्षबागेशेजारच्या पडीक रानात. माझ्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या इंधनात एरंडेल असायचं.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि इंजिनातलं मला सगळं कळतं, याबद्दल मला शंका नव्हती. हेलिकॉप्टर झकास वर जायचं, पण नाक जरा खाली केलं की इंजिन बंद पडायचं. दोनदा मी ते कसंबसं उतरवलं. तिसऱ्यांदा ते ढेकळांत आपटलं आणि पातं मोडलं. आता एकच जोडी शिल्लक होती. तरी मी कार्बुरेटरचाच स्क्रू पिळत बसले.

मामी बागेत औषध फवारून आली होती. हात धुता धुता म्हणाली, "टाकीतल्या नळीच्या टोकाला वजन हाय का? आमच्या ड्रममधी आम्ही पाइपाला नट बांधतो. नायतर उतारावर औषध एकीकडं अन् पाइप दुसरीकडं."

वजन होतं की. पितळेचं, बोटाच्या पेराएवढं. टाकी हलवली की खडखडतं, म्हणून मीच ते काढून डबीत टाकलं होतं. मी पाठ फिरवून ते नळीला बसवलं, पाती बदलली आणि हेलिकॉप्टर नाक खाली करून बागेवरून सुसाट गेलं.

"नट कुठं गावला?" मामीने विचारलं.

"होता," मी म्हणाले.

तिने उघड्या डबीकडे पाहिलं आणि टोपलं उचलून ती घराकडे निघाली. तेव्हा मला वाटलं, तिला काही कळलं नाही.