मी पुसलेला आप्पांचा नोड

आधीच सांगते, भूत, चकवा, लागीर, करणी यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. माझं माहेर खंडाळ्याचं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. अमुक वळणावर बाई उभी असते आणि गाडीला हात करते, हे ऐकतच मी मोठी झाले. सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारायचे – तू पाहिलीस का? त्याने कधीच पाहिलेली नसते, त्याच्या मेव्हण्याच्या मित्राने पाहिलेली असते. तेव्हा ‘ताई, घरात शांती करून घ्या’ आणि ‘ताई, लॉग नीट वाचा’ असे दोन्हीकडचे सल्ले देणाऱ्यांनी कृपा करून आधी पूर्ण वाचावं. या दोन्ही जमातींनी मला पुरेसा वैताग दिलाय.

मी आष्ट्याला सासरी राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. आमचं सॉफ्टवेअर पेमेंट चॅनलचं आहे. म्हणजे काय, तर दोन कॉम्प्युटर आपसात एक चॅनल उघडतात आणि त्यातून पैसे इकडून तिकडे जातात. अशा प्रत्येक कॉम्प्युटरला नोड म्हणतात. तुमचा माझ्याशी थेट चॅनल नसेल तरी मधल्या कुणाच्या तरी वाटेने पैसे पोचतात. त्यासाठी कोण कुणाला जोडलेलं आहे याचा नकाशा लागतो. तो नकाशा, म्हणजे नेटवर्कचा ग्राफ डेटाबेस, नीट ठेवणं हे माझं काम. घरात याला ‘सूनबाईचं जाळं’ म्हणतात. म्हणू देत.

या नकाशाचा मालक कोणी नाही. प्रत्येक नोड ‘मी आहे, माझा चॅनल चालू आहे’ असं अधूनमधून शेजाऱ्याला सांगतो, शेजारी पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. आमच्या धंद्यात याला चक्क गॉसिप म्हणतात. फक्त ही गावातली कुजबुज नाही... प्रत्येक निरोपावर त्या नोडच्या गुप्त किल्लीची सही असते. किल्ली नसेल तर सही करता येत नाही आणि खोटी सही चालत नाही. सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. आणि साधारण दोन आठवडे एखाद्याचा काहीच निरोप आला नाही, तर सॉफ्टवेअर त्याला मेलेला धरून नकाशातून काढून टाकतं.

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. माण तालुक्यात, दहिवडीपासून आत, रानातल्या वस्तीवर एकटे राहतात. बायको गेली, मूलबाळ नाही. उमेदीची वर्षं लष्करात वायरलेसवर गेली. माझ्या कामात घरातल्या कुणी कधी रस घेतला असेल तर तो आप्पांनी. “म्हंजे हे रिले स्टेशनच की गं,” असं म्हणून त्यांनी हट्टाने एक छोटी मशीन मागवली आणि स्वतःचा नोड उभा केला. नाव ठेवलं ‘माणचा आप्पा’. माझ्या नोडशी त्यांचा एक चॅनल होता, त्यात नावापुरतीच रक्कम. दिवाळीच्या सुमारास तो नोड गप्प झाला. नेट गेलं असेल म्हणून मी चॅनल बंद न करता तसाच ठेवला. नेमाप्रमाणे सॉफ्टवेअरने तो नोड नकाशातून काढला.

मग चैत्रात तिकडे, आमच्या मूळ गावची जत्रा आली. पालखीला पहिला खांदा आमच्या घराण्यात थोरल्याचा, म्हणजे आप्पांचा. यंदा आप्पांना यायला थोडा उशीर झाला, तेवढ्यात माझा चुलत दीर बापू पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. मुंबईहून आलेला, नवी गाडी, अंगात वारं शिरलेलं. आप्पा आले, बघितलं, एक शब्द न बोलता वस्तीवर परत गेले. मटणाच्या जेवणाला आले नाहीत.

इथवर ठीक. माणसं रुसतात. पण आमच्या भावकीत रुसलेल्याला जो पहिला फोन करतो, त्याने चूक कबूल केली असं धरतात. म्हणजे बापूने फोन करायचा नाही, कारण त्याचा कमीपणा. बाकीच्यांनी करायचा नाही, कारण मग ते बापूच्या विरोधात गेले. मी म्हटलं, मी करते. तर सासूबाई म्हणाल्या, “तू गप बस. सुनंनं पयला फोन केला म्हंजे आपल्या घरानं मान सोडला.”

“अगं आई, सत्तरी उलटलेला माणूस एकटा हाय तिथं,” माझा नवरा संदीप म्हणाला.

“त्येस्नी काय हुतंय! रुसल्यात. चार दिसानं येत्यात बघ.”

जत्रा संपली, सगळे पांगले. गावाला वाटलं, आप्पांना समजूत काढून आष्ट्याला नेलं. आम्हाला वाटलं, वस्तीवर रुसून बसलेत. आणि हे सगळं मोबाईल खिशात असलेल्या माणसांचं चाललेलं!

त्यानंतरची एक सकाळ. नाश्ता उरकून मी वर येऊन लॅपटॉप उघडला, तर जुन्या चॅनलचा एक ताजा निरोप आलेला. ‘माणचा आप्पा’. सही बरोबर. नकाशात नोड जिवंत.

मला आधी बरंच वाटलं. आप्पांनी मशीन चालू केली म्हणायची. पण निरोप नेमाने दिवसाकाठी एखादा यावा, हे निरोपांवर निरोप! आमची यंत्रणा असल्या बडबडीला आळा घालते, तरी तेवढा आळा घालून उरतील इतके. टेस्टिंगचे आलेख सगळे वेडेवाकडे. मी तो नोड हाताने काढला. चहा टाकून येईपर्यंत परत हजर. पुन्हा काढला. पुन्हा हजर.

मग मी निरोप कुठून येतो ते शोधायला बसले. नोड आप्पांच्या मशीनवरून थेट माझ्याकडे जोडलेला नव्हताच. निरोप शेजारच्या नोडने दिला होता. त्या शेजारच्याला कुठून आला? आमच्याच दुसऱ्या एका नोडकडून. त्याला? तिसऱ्याकडून. आणि तिसऱ्याला पहिल्याकडून. तिन्ही आमच्या कंपनीचेच, तिन्हींचे लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः ठेवलेल्या नोंदी, माझ्यासमोर उघडे. प्रत्येक जण म्हणतोय, मला त्याने सांगितलं. सुरुवात कुणीच केलेली नाही. हे होऊ शकत नाही. मी लॉग वाचलेत हो, नीट वाचलेत, डोळे दुखेपर्यंत वाचलेत.

दुपारी पुण्याहून आमच्या टीमचा प्रमुख कौस्तुभ याचा कॉल. “हा नोड तुझ्या नातेवाइकांचा आहे ना?”

“हो.”

“मग त्यांची किल्ली तुझ्याकडे आहे. तूच टेस्ट करायला निरोप सोडतेयस आणि बंद करायला विसरलीस.”

“माझ्याकडे कुणाची किल्ली नाही.”

“सही खोटी होऊ शकत नाही, हे तूच नव्या मुलांना शिकवतेस. मग दुसरा काय अर्थ लावायचा?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या डेटाबेसला तळहातावरच्या फोडासारखं जपलंय. एक नोंद इकडची तिकडे होऊ दिली नाही. आणि हा माणूस मला सरळ खोटारडी म्हणतोय! संध्याकाळी मेल आली – लेखी खुलासा द्या, तोवर डेटाबेसला हात लावायचा नाही. म्हणजे नोकरीच टांगणीला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोड अजून बडबडतच होता. मी तणतणत फोन उचलला. गेला मान खड्ड्यात! आप्पांना झाडायचंच होतं मला – मशीन कशाला चालू केली, केली तर धड का केली नाही. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. बापूला लावला, तो म्हणाला, “वैनी, रुसल्यावर फोन बंदच ठिवत्यात आप्पा. तुमी नका मध्यी पडू.” गावातल्या किराणावाल्याला लावला, तो म्हणाला, “आप्पा? ते तुमच्याकडंच न्हाईत व्हय?”

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. संदीपला म्हटलं, गाडी काढ. सासूबाई दारातून ओरडत होत्या – मान, घराणं, लोक काय म्हणतील. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. विटा, मायणी करत दहिवडीच्या पुढे वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. घराचं दार नुसतं लोटलेलं. आत कोणी नाही. लाइटचं बटण दाबलं, वीज नाही. नंतर कळलं, तिथला ट्रान्सफॉर्मर जत्रेतच जळाला होता आणि अजून बदललेला नव्हता. अख्ख्या शिवारात वीज नव्हती.

आणि मशीन ज्या कोनाड्यात असायची तिथे ती नव्हतीच. कोनाड्यात कंदील होता.

“आरं संदीप... हितं,” असा आवाज मागून आला. इतका बारीक की शेळी असेल असं वाटलं.

परड्यात, शेळ्यांच्या पाण्याच्या टाकीला टेकून आप्पा पडलेले. आदल्या सकाळी धार काढायला निघाले आणि पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलेलं. टाकीत हात पोचत होता म्हणून पाणी मिळालं, टाकीची सावली होती म्हणून उन्हातून वाचले. मोबाईल घरात, चार्जिंग संपून पडलेला.

साताऱ्याला दवाखान्यात नेताना मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बोलतं ठेवायचं म्हणून विचारलं, “आप्पा, तुमची मशीन कुठं आहे?”

“मशीन? ती मोडली की दिवाळीला.”

“मोडली म्हणजे?”

“नेट धड न्हाई, कोण येत न्हाई, जात न्हाई. जोडून कुनाशी बोलायचं? बंद केली. कार्ड घातलं चुलीत, किल्लीचा कागद बी घातला. सेट बंद केला की कोड जाळायचा, पोरी. आमाला तसंच शिकिवलंय.”

जी किल्ली चुलीत जाऊन कित्येक महिने झाले, तिची सही मी आदल्या सकाळपासून तपासत होते. आणि प्रत्येक सही बरोबर निघत होती. पहिला निरोप आला ती सकाळ आणि आप्पा पडले ती सकाळ एकच.

ऑपरेशन झालं. आप्पा वाचले. आम्ही परड्यात शिरलो त्या दुपारनंतर त्या नोडचा एकही निरोप आलेला नाही.

कौस्तुभला मी सगळं लिहून पाठवलं, दवाखान्याच्या कागदांसकट. त्याचं उत्तर – “तब्येतीची काळजी घ्या. किल्लीचा खुलासा मात्र अजून आलेला नाही.” कंपनीने शेवटी बाहेरचा माणूस बोलावून माझा लॅपटॉप तपासला. किल्ली सापडली नाही, सापडणारच नव्हती. आरोप मागे घेतला, पण ‘सॉरी’ या एका शब्दाची मी आजही वाट बघतेय.

आणि भावकी! तिसऱ्या दिवशी सगळी दवाखान्यात हजर. नारळ, अंगारा, पेढे. बापू मला हात जोडून म्हणाला, “वैनी, देवानंच तुमाला बुद्दी दिली. पुढच्या जत्रंला देवाला चांदीचा टोप.”

सासूबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. बघता बघता देवाची कृपा ठरून गेली आणि कुणी फोन का केला नाही हा विषयच संपला. मला राहवलं नाही. “देवाला आप्पांची आठवण झाली, तुम्हाला का नाही झाली? तुमच्यातला एक जण बोट लावून फोन करू शकत नव्हता?”

मग बापूनेच आप्पांकडे वळून, लाडात आल्यासारखं म्हटलं, “आप्पा, तुमी तरी एक हाक मारायची हुती की रानात कुनाला.”

आप्पा छताकडे बघत होते. आवाज चढवला नाही.

“मारली की. पयल्या दिवशी समद्यांची नावं घिऊन मारली. तुजं बी घेटलं.”

बापूने हातातला पेढ्यांचा पुडा परत पिशवीत घातला.

आप्पा आता आमच्याकडे असतात, काठी घेऊन अंगणात फिरतात. मी अजून तीच नोकरी करते, तोच नकाशा सांभाळते. चुलीत गेलेल्या किल्लीने सही कुणी केली, निरोप नेटवर्कमध्ये कुठून शिरला, मला माहीत नाही. मानत नाही म्हणून जे घडलं ते खोटं सांगणार नाही, आणि घडलं म्हणून भुताखेतांवर विश्वासही ठेवणार नाही. पण गेले काही महिने जो भेटतो तो मलाच विचारतो, तुला कसं कळलं? इतक्या जणांपैकी एकानेही आजवर बापूला, सासूबाईंना किंवा स्वतःला विचारलेलं नाही, की तुम्हाला कसं कळलं नाही.