यंत्रांना अबोला नसतो

साऱ्या पेडणे महालात माझ्या धाकट्या दिरांइतका जपून पाऊल टाकणारा माणूस सापडायचा नाही. नव्या चपला आणल्या की भावजी एका पायात नवी आणि एका पायात जुनी घालून आमच्या गावात, इब्रामपुरात फिरत. लोक हसले तर म्हणत, "नवी चावली तर जुनी आसा मरे!" लोणच्याची नवी बरणी उघडली की पहिली फोड माझ्या नवऱ्याच्या पानात पडे आणि मग भावजी दुपारभर आपल्या दादाच्या तोंडाकडे बघत बसत. संध्याकाळी हुकूम सुटे, "वयनी, दादा बरो आसा. आता सगळ्यांक वाढा."

हे सगळं नोकरीपायी. बंगळुरातल्या एका कंपनीची हजारो यंत्रं कुठल्या कुठल्या गावांत थंडगार खोल्यांतून उभी असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांच्यातला प्रोग्रॅम जुना झाला की नवा पोचवायचा, म्हणजे अपडेट करायचं, हे भावजींचं काम. सगळी यंत्रं एकदम मागायला आली तर देणाऱ्याचाच जीव जातो. म्हणून आधी एकाला द्यायचं, त्याला बाधत नाही ना ते बघायचं, मग थोड्यांना, आणि मग त्या थोड्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना. मला समजावं म्हणून भावजी म्हणाले, "तुमी विरजण कसां देतास वयनी? ह्या घरातलां त्या घरात. सगळो वाडो एकाच दारात वाटी घेऊन उभो रवता काय?"

तेव्हा कंपनीने घरून काम करायला सांगितलं होतं. जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, मेज लावून ते दिवसभर बसत, आणि घरात माणूस असल्यासारखं वाटे. त्याच काळात आमच्याकडे सत्यनारायण ठरला. आपोवणं, म्हणजे पूजेचं बोलावणं, घरच्या माणसाने दारोदार जाऊन करायचं अशी आमच्या वाड्याची रीत. भावजींना ते पटेना. त्यांनी शेजारच्या माडाकडच्या काकीला तेवढं आपोवलं आणि सांगितलं, "काकी, तू फुडल्या घराक सांग, ता घर त्याच्या फुडल्याक सांगतला." पुढचं घर ओढ्याकाठचं, व्हाळाकडच्या काकीचं. ह्या दोघींचा एका फणसावरून किती वर्षांचा अबोला! आमंत्रण जे त्या फणसापाशी अडकलं ते अडकलंच. पूजेला आम्ही घरचे आणि माडाकडची काकी. बाकी सगळा वाडा आपापल्या ओट्यावर बसून आमची घंटा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळाकडची काकी अंगणात उभी. "मेल्या, माझ्या दाराक वाट नाय? तिच्यावांगडा मी बोलणंय नाय, आनी तू माका तिच्या तोंडान आपोवतंस?"

भावजी मान खाली घालून म्हणाले, "काकी, यंत्रांत अबोलो नसता गो."

"मग यंत्रांकच घाल तुझो शिरो!"

उरलेला प्रसाद डब्यात भरून भावजी त्याच दिवशी घरोघर फिरले. तिन्हीसांजेला परतले ते पोटावर हात धरून. प्रत्येक घराने आधी शिव्या दिल्या आणि मग जेवायला वाढलं. व्हाळाकडच्या काकीने तर रागारागाने घावणे घातले होते.

पुढे कंपनीने परत बोलावलं आणि भावजी बंगळुरला गेले. मेज तिथेच आहे. मी रोज पुसते. दर वर्षी गणपती जवळ आले की म्हणतात, "वयनी, चवथीक येतंय." पण सणासुदीला लोकांची कामं थांबतात, आणि यंत्रांना नवं द्यायचं ते तेव्हाच. एक चवथ त्यांनी घरी करावी, एवढंच माझं मागणं. यंदा तिकीट काढलं होतं. मी त्यांचं अंथरूण उन्हात घातलं, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जरा जास्तच केल्या. आदल्या दिवशी फोन आला, "वयनी, पयल्याच यंत्राक बाधलां. सगळां थांबवन ठेवलांहा. येवक जमाचां नाय."

मी म्हटलं, "बरां, जपून रवा."

चवथीला नेमका आरतीच्या वेळी त्यांचा फोन वाजला. मी तो गणपतीपुढे ठेवला. बंगळुराहून आवाज यायला वेळ लागतो. आम्ही एक ओळ पुढे, भावजी एक ओळ मागे. आमची आरती संपली, टाळ थांबले. फोनमधून भावजी मात्र टाळ्या वाजवत एकटेच म्हणत होते. कोणी हसलं नाही. निरांजनाचं तबक फिरवायला मी हातात घेतलं होतं, ते तसंच धरून त्यांची ओळ पुरी होईपर्यंत उभी राहिले.