काकांचा उघडा अ‍ॅम्प्लिफायर

मावशीच्या घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला झाकण होतं, पण ते अ‍ॅम्प्लिफायरवर कधी नसायचं. ते स्वयंपाकघरात, फ्रीजवर उलटं ठेवलेलं असायचं आणि त्यात कांदे-बटाटे असायचे. यंत्र बाहेरच्या खोलीत टेबलावर उघडं पडलेलं. पोटातल्या तारा, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, सगळं बघून घ्यावं असं. कुणी पाहुणा खुर्चीकडे वळला की मावशी आधी म्हणायची, "बघून बसा हो, स्क्रू असेल."

काका, म्हणजे तिचे यजमान, लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते. तिथे ते डोळे मिटून उभे राहायचे आणि लिफ्ट खाली-वर होताना कुठे काय घासतंय, कुठली दोरी ढिली पडलीय, ते नुसतं ऐकून सांगायचे. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांचा कान फार तयार झाला होता, पण एकाच कामासाठी. काय चुकतंय तेवढंच त्याला ऐकू यायचं. सगळं नीट चाललेलं असलं की त्या कानाला तिथे थांबायचं कारण उरत नसे.

घरी तबकडी लावली की तेच व्हायचं. व्हायोलिनं येऊन जायची, गाणारी पहिली ओळ उचलायची, आणि काकांची मान तिरकी व्हायची. "एक मिनिट थांब," म्हणत ते उठायचे आणि सुई उचलायचे. मग एखादी तार सोडवून दुसरीकडे जोडायची, सोल्डरच्या राळेचा वास खोलीभर पसरायचा, पुन्हा सुई, पुन्हा पहिली ओळ, पुन्हा एक मिनिट. कंपनीत सगळे त्यांना 'एकमिनिट' म्हणत. त्यांच्या जोडीचा जाडा फिटर कधी घरी आला तर दारातूनच विचारायचा, "वहिनी, एकमिनिट घरात आहेत की पेटीत?"

"पेटीतच. पाय तेवढे बाहेर आहेत, त्यांच्याशी बोला."

काका शोधत असायचे ती घरघर. गाण्याच्या तळाशी, दोन ओळींच्या मधे, स्पीकरमधून येणारी एक बारीक घरघर. मला ती सांगितल्यावर ऐकू आली. मावशीला पहिल्यापासून येत होती, पण तिचं त्या घरघरीशी काही वाकडं नव्हतं.

"पंख्याचाही आवाज येतोच की," ती म्हणायची.

"पंखा गात नाही," काका म्हणायचे.

तबकड्या मावशीच्या होत्या. लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात काम करत होती तेव्हा एकेक करून जमवलेल्या. लग्नानंतर ती घरीच शिवणकाम करायची. काका कामावर गेले की ती शिलाईचं मशीन बाजूला सारायची, एक तबकडी काढायची आणि त्या उघड्या अ‍ॅम्प्लिफायरवर, घरघरीसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. गाणं वाजत असताना शिवायची नाही. हात मांडीवर ठेवून बसायची. संध्याकाळी काका यायचे आणि यंत्राचा ताबा घ्यायचे. "गाणी माझी, मशीन त्यांचं," ती मला म्हणाली होती. "भांडण लावायचं कशाला?" अशी त्यांची वर्षानुवर्षं वाटणी चालली होती, आणि खरं तर बरी चालली होती. मी शिकायला त्यांच्याकडे राहायला आले, त्याच वर्षी काका निवृत्त झाले. ते दिवसभर घरात राहायला लागले आणि मावशीची दुपार गेली. ती तक्रार करायची नाही. पहिली ओळ ऐकायची आणि काकांनी सुई उचलली की शिलाईच्या मशीनवर जाऊन बसायची.

मग तिचे कान जायला लागले.

आधी कळलंच नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका दार वाजवून वाजवून परत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी रागवायच्या. काकांनी बेल बदलली. त्यांना वाटलं, बेलच बिघडली असेल. शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं, काकाही आले. डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि कानाच्या आतल्या नसा वाळत चालल्याचं सांगितलं. एक कान जवळजवळ गेलेला होता. दुसराही त्याच वाटेवर होता.

"कानाला यंत्र लावलंत तर समोरच्याचं बोलणं काही दिवस कळेल," त्या म्हणाल्या. "गाणंबिणं ऐकता का?"

"ऐकते की."

"यंत्रातून ते गाण्यासारखं लागणार नाही. डबा वाजवल्यासारखं लागेल."

मावशीने थोडा वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. "म्हणजे जे ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्यायचं."

"काही महिने मिळतील. कमीही मिळतील. हो, आत्ताच."

घरी आल्यावर मावशीने चहासुद्धा टाकला नाही. कपाटातून तबकड्या काढल्या, पलंगावर पसरल्या, जुन्या ओढणीने पुसायला घेतल्या. "रोज एक ऐकायची," ती म्हणाली. "पुरी. आणि अहो, तुम्ही मधे उठायचं नाही. जशी वाजेल तशी वाजू दे."

"अशी नाही," काका म्हणाले.

"अशी म्हणजे?"

"अगं, शेवटचं ऐकायचं, तेही ह्या घरघरीत ऐकणार तू? नाही. एक मिनिट थांब. मी नवा बांधतो. सगळाच. थोडे दिवस दे मला."

ती काही म्हणायच्या आत त्यांनी प्लग काढला होता. मी म्हटलं, "काका, हा राहू द्या ना चालू. दुसरा वेगळा बांधा."

"ट्रान्सफॉर्मर ह्याचाच लागणार," ते म्हणाले. ते खरंही होतं. पण ते माझ्याकडे न बघता बोलत होते आणि त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाचेत बसत नव्हता. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रडले नाहीत. दिवे लावायच्या आत त्यांनी घरातली तबकड्या वाजवणारी एकुलती एक वस्तू सुटी करून वर्तमानपत्रावर मांडून ठेवली.

मग थोडे दिवस संपेनात. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून आणला तर तो जुन्याहून जास्त गुणगुणायला लागला. तो परत पाठवला. तारांचा मार्ग बदलला, मग पुन्हा बदलला. पत्र्याचा सांगाडा काढून टाकून लाकडाचा केला, त्यात दुसरीच काही खरखर आली, म्हणून पुन्हा पत्र्याचा केला. काका जेवताना हात थांबवून समोर बघत राहायचे आणि मग ताटावरून उठून टेबलाकडे जायचे. मी त्यांना इतकं झटून काम करताना पाहिलं नव्हतं, आणि इतकं चुकतानाही पाहिलं नव्हतं. जे हात झोपेत चालले असते ते दर दोन तारांनंतर अडखळत होते.

इकडे मावशीचं एकेक जात होतं. आधी कुकरची शिट्टी गेली. मग खिडकीबाहेरच्या चिमण्या. मग कात्रीचा आवाज. तो गेला तेव्हा ती कापड कापता कापता थांबली आणि कात्री कानाजवळ नेऊन दोनदा उघडमीट केली. मी बघतेय हे दिसल्यावर हसली आणि म्हणाली, "धार गेलीय वाटतं."

एकदा तिने विचारलं, "अहो, झालं का?"

"जवळ आलंय."

"मीपण जवळच आलेय," ती म्हणाली. काका चप्पल घालून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने सोल्डरची तार घेऊन परतले.

मला ते बघवेना. तिच्या तबकड्यांतलं एक गाणं मला फोनवर सापडलं. दुपारी ती कणीक मळत होती, तेव्हा मी तिच्या चांगल्या कानात इअरफोन घातला. ती मळायची थांबली. कणकेचे हात तसेच हवेत धरून उभी राहिली.

"येतंय?"

"लांब आहे," ती म्हणाली. "पण आहे. आहे गं."

काका दारात आले होते. त्यांच्या हातात तारा तपासायचा मीटर होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कानाकडे, माझ्या फोनकडे. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ऐक, ऐक," ते म्हणाले आणि मागे फिरले. बाहेर जाऊन पाहिलं तर ते त्या उघड्या यंत्रासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काहीच करत नव्हते.

मावशीने मनगटाने इअरफोन काढला.

"अगं, ऐक की. ते काही म्हणणार नाहीत."

"म्हणणार नाहीत, तेच तर." तिने कणकेचा गोळा उलटा करून पुन्हा मळायला घेतला. "कान तर जायचेच आहेत माझे. त्या माणसाला अजून काय येतं गं दुसरं? माझ्यासाठी करतायत. करू देत."

"आणि तोवर तुझं काय?"

ते तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडलं. त्यानंतर मी दोनदा फोन पुढे केला, तिने दोन्ही वेळा मान हलवली. मला दोघांचाही राग यायचा. त्यातल्या कुणाला जाऊन काय बोलायचं, ते कळायचं नाही.

काकांचा अ‍ॅम्प्लिफायर झाला तेव्हा आम्ही मावशीशी समोर उभं राहून, ओठ मोठे करून बोलायला लागलो होतो. झाला, म्हणजे खरंच झाला. काकांनी आवाज पूर्ण वर नेऊन, स्पीकरला कान लावून, श्वास धरून ऐकलं आणि मला बोलावलं. मीही कान लावला. काहीच नव्हतं. त्यांनी फ्रीजवरचे कांदे-बटाटे परडीत ओतले, झाकण धुऊन पुसलं आणि ते यंत्रावर बसवलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मधे ठेवली आणि मावशीला हाताला धरून तिच्यावर बसवलं.

तिचं सगळ्यांत आवडतं गाणं त्यांनी काढलं. सुई ठेवताना काका आवाजाचं बटण आधी शून्यावर आणत, म्हणजे सुई टेकल्याचा ठोका स्पीकरमध्ये जात नाही. सुई टेकली की मग आवाज हळूहळू वर न्यायचा. हे त्यांचे हात न बघता करत. आत्ताही त्यांनी बटण शून्यावर आणलं, सुई टेकवली, आणि मावशीचा चेहरा बघायला वळले. हात तसाच राहिला, बटण शून्यावरच.

मावशी फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिची मान हलायला लागली. डोळे भरून आले. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती मोठ्याने बोलायची, तशी मोठ्याने म्हणाली, "अहो, घरघर अगदी गेली बघा. नावालासुद्धा नाही."

काका बटणाकडे वळले. मी त्यांची बोटं बटणावर गेलेली पाहिली आणि तिथेच थांबलेली पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघायला लागले.

"हो," ते ओठ मोठे करून म्हणाले. "गेली."

मग ते तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. तबकडी फिरत राहिली. खाली कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मावशीचं एक बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. गाणं तिला पाठ होतं. बोट गाण्याच्या बरोबर चाललं होतं की पुढे-मागे, ते कुणाला कळणार होतं? गाणं संपलं असावं, कारण सुईची दांडी आपोआप उचलली गेली आणि जागेवर जाऊन बसली.

"दुसरी लावा ना," ती म्हणाली. "आणि तुम्हीपण ऐका की. सारखे माझ्याकडे काय बघताय?"

काका जमिनीवर हात टेकून उठले. दुसरी तबकडी लावली, सुई ठेवली. आणि या वेळी बटण फिरवलं. का, ते मी विचारलं नाही. आवाज खरा असला तर निदान थोडा तरी पोचेल, असं त्यांना वाटलं असेल. हळूहळू, त्यांच्या पद्धतीने, त्यांनी तो वर नेला आणि गाणं खोलीत आलं.

ते वाईट वाजलं असतं तर बरं झालं असतं. पण व्हायोलिनं एकेक वेगळी ओळखू येत होती. गाणारी जणू खिडकी आणि कपाटाच्या मधल्या जागेत उभी होती, आणि ती थांबायची तेव्हा तिच्यामागे खरोखरची शांतता होती. मी मावशीकडे पाहिलं. मघाच्या गाण्यात होता तसाच तिचा चेहरा होता. एका रेषेचाही फरक नव्हता. काकाही तेच बघत होते.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची मान तिरकी झाली नाही. शोधायला काही उरलेलंच नव्हतं. मावशी डोलत होती. गाणं ऐकू येत होतं ते फक्त आम्हा दोघांना, आणि ते बंद करायला आमच्यापैकी कुणीही उठू शकत नव्हतं.