खटलाच उभा राहत नाही

जेवणाच्या पानावर खुनाची व्याख्या समजावून सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे बॅरिस्टरकाका. श्रीखंड वाढलं की यांचा खून सुरू! लंडनला शिकलेले, मुंबईच्या लॉ कॉलेजात जन्मभर इंग्लिश फौजदारी कायदा शिकवलेला. २००२ साली काकूंसह अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे, संजयकडे राहायला आले आणि वर्ग म्हणून त्यांना आम्ही शेजारी सापडलो.

"नुसता माणूस मेला म्हणून खून होत नाही," ते म्हणत. "तो तुझ्या कृत्यामुळे मेला पाहिजे. शिवाय जीव घ्यायचा, निदान जबर इजा करायचा हेतू हवा." एकदा माझ्या नवऱ्याने त्यांची लाडकी कपबशी फोडली. "सॉरी काका, हातातून स्लिप झाली!" काकांनी हात वर केला. "कृत्य सिद्ध. हेतू नाही. सोडा त्याला." आतून काकू म्हणाल्या, "आणि काचा कोण भरणार, कोर्ट?" काका मुकाट्याने केरसुणी शोधायला गेले. काकूंपुढे त्यांचं काही चालत नसे, आणि ते त्यांना मनापासून आवडत असे.

पुढे काकूंना ब्रेन हॅमरेज झालं. त्या शुद्धीवर येणार नाहीत, श्वास फक्त मशीनवर चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना त्रास नको म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं बोलणं संजयच करायचा, त्यामुळे मशीन थांबवायचं का, हेही डॉक्टरांनी त्यालाच विचारलं. मी डबा घेऊन गेले होते. संजय भिंतीला टेकून रडत होता. "बाबा, मी येस म्हटलं तर मीच आईला मारलं असं होईल."

काका उठले, कोटाचं बटण लावलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "मी तिचा नवरा आहे. मला विचारा." होकार त्यांनीच दिला. मग संजयचा हात हातात घेऊन वर्गात बोलावं तसं म्हणाले, "बरं न होणाऱ्या माणसाचे उपचार थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. तिला आजार नेतोय. खटलाच उभा राहत नाही. आणि कुणी उभा केलाच, तर आरोपी मी."

संजय त्या वाक्यावर सावरला. काकांनी मात्र पानावर पुन्हा कधी खुनाचं नाव काढलं नाही. मला ते बघवेना. एका दुपारी न राहवून विचारलं, "काका, मनाला लावून घेतलंत का?"

त्यांनी कालवलेला भात पानात बाजूला सारला.

"कायद्याने मी सुटलो गं," ते म्हणाले. "पण निकाल दिला, आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं राहूनच गेलं."