साडूभाऊंच्या मोटारसायकलचं कुलूप

खंडेनवमी, १९४७. सकाळी साडेसहा. साताऱ्यात साडूभाऊंच्या घराची पडवी. हजर: साडूभाऊ, त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, मी, आणि मोटारसायकल. माझ्या कामांच्या वहीतल्या त्या पानावर एवढंच आहे, आणि त्याच्या वर आदल्या दिवसाच्या कामांची यादी. तिच्यातलं शेवटचं काम सोडून बाकी सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे.

साडूभाऊंइतकी कुलपाची सेवा केलेला माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि कुलपानं इतका छळलेलाही. लढाईत ते लष्कराचं टपाल मोटारसायकलवरून पोचवत. हवालदार होऊन परतले आणि लष्करी मालाच्या लिलावात तसलीच एक गाडी घेऊन आले. तिच्या दिव्याच्या पाठीवर बोटभर रुंदीचं पितळी कुलूप होतं. त्यात चावी फिरली की ठिणगीला वाट मोकळी. नाही फिरली तर गाडी म्हणजे सव्वातीन मणांचं लोखंड. साडूभाऊंनी गाडीवर जीव लावला असं मी म्हणणार नाही. चाकांकडं त्यांचं लक्ष नसे. जीव होता तो त्या कुलपावर. दिवस मावळायच्या आत रोज ते कोंबडीच्या पिसानं त्यात शेंगतेल सोडत. चावी फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधत. तिची जोड करून घ्या म्हणून मी तीनदा सांगितलं. "जोड क्येली की पहिलीला वाटतंय आपल्यावर भरोसा न्हाई," असं उत्तर मिळालं. थंडीत ते कुलपावर कानटोपी घालत. स्वतःची. एकदा मी म्हटलं, "दोन तारा बाहेरून जोडून देतो, कुलपाची कटकटच नको." त्यावर दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "पावणं, तारा जोडून गाडी काढतो त्यो चोर. मी सही करून चावी घेतलेला मानूस हाय."

मी मोटार सर्व्हिसच्या गोदामात सुट्या भागांचा कारकून. प्रत्येक वस्तूला खण आणि प्रत्येक खणाला चिठ्ठी, अशा माणसाला हे सगळं पाहून काय होत असेल ते वाचकांवर सोडतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता. सांगलीच्या एका हळदीच्या अडत्यानं साडूभाऊंना नोकरी दिली होती. साताऱ्याकडच्या हळदीचे नमुने आणि पत्रं घेऊन एक दिवसाआड सांगली गाठायची, अकराला सौदे निघायच्या आत. अट एकच: तीनदा उशीर झाला तर दुसरा माणूस. ही नोकरी गेली तर साताऱ्यात त्यांना काम नव्हतं, पुन्हा परमुलुख धरावा लागला असता. चार वर्षं एकटीनं काढलेल्या अक्काला त्या एका गोष्टीची धास्ती होती. मला ती म्हणाली होती, "आवं पावणं, अर्धी भाकर खाऊ, पर ह्यास्नी आता उंबऱ्याभायेर चार दिस काढू द्यायची न्हाई मी."

आणि दोनदा उशीर होऊन गेला होता. दोन्ही वेळा कुलूप.

तेव्हा मी वहीत नवीन पान काढून रीतसर तपास सुरू केला. चावी झिजली का? नाही. तारा सैल? नाही. कुलपाची स्प्रिंग? ठणठणीत. मग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी कुलूप दिव्यातून काढून रॉकेलच्या वाटीत बुडवलं. पाच मिनिटांत वाटी लालभडक. तळाशी हा एवढा लाल चिखल, घट्ट, गुळाच्या काकवीसारखा. बोटावर घेऊन वास घेतला. शेंगतेल आणि कुंकू.

मी साडूभाऊंकडं पाहिलं. ते आढ्याकडं पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"पहिल्यापास्नं. मी निघायच्या आदी ती कुकू लावती दर खेपंला. लावताना बोट दाबती जरा."

म्हणजे संध्याकाळी नवऱ्याचं तेल, सकाळी बायकोचं कुंकू. दोघांनी मिळून इतक्या मायेनं ते भोक लिंपत आणलं होतं, की एखाद्या वैऱ्यालाही जमलं नसतं. मी म्हटलं, "अहो, मग सांगा की अक्काला! कुंकू चाकाला लाव, दिव्याच्या काचेला लाव. गाडी काय लहान आहे?"

साडूभाऊंनी पीस फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "मी लढाईत हुतो तवा ती माज्या कुऱ्हाडीला कुकू लावायची. रोज, चार वर्सं. माजा हात जिथं लागतूया तिथंच लावायचं, आसं तिचं हाय. मी आलो का न्हाई परत? आता तिला म्हनू, तुज्या कुकवानं माजं काम अडतंय?"

मी वाटीत नवं रॉकेल ओतलं. कुलूप धुतलं, वाळवलं, तेलाला बंदी केली, पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची कोरडी पूड आत फुंकली. चावी लोण्यातून फिरावी तशी फिरू लागली. वर कातड्याची टोपी शिवून घट्ट बसवली. वहीत खुणा केल्या, शेवटी लिहिलं: अक्काला सांगणे. साडूभाऊंनी गळ्यातल्या चावीला हात लावून कबूल केलं, "उद्या पाटं सांगतो. तुमी फकस्त हजर ऱ्हावा."

म्हणून मी हजर होतो. पण दिवस खंडेनवमीचा, घरोघर अवजारं पुजायचा. सांगलीच्या सौद्यांना त्याची सुट्टी नव्हती आणि अक्काच्या पूजेलाही. ती नवं लुगडं नेसून ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, पाण्याचा तांब्या. कातड्याची टोपी तिनं अलगद काढली, पदरानं पुसली, बाजूला ठेवली. "कुनी घातली ही? देवाच्या तोंडाला फडकं बांधल्यागत," एवढंच म्हणाली. मी साडूभाऊंना कोपरानं ढोसलं. त्यांनी तोंड उघडलं. अक्कानं डोळे मिटून हात जोडले होते आणि ओठ हलत होते. साडूभाऊंनी तोंड मिटलं. मग तिनं कुलपावर पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, बोट दाबलं, आणि वर चिमूटभर अक्षता, त्याही दाबून.

चावी अर्धी गेली आणि तांदळाच्या दाण्यावर थांबली.

साडूभाऊंनी तासभर खटपट केली. अक्का घाबरून जास्वंदीच्या झाडाला टेकून उभी. मी टाचणीनं दाणे काढत होतो. निघाले तीन, आत किती होते देव जाणे. साडेआठ झाले, नऊ झाले. शेवटी साडूभाऊंनी चावी गळ्यात अडकवली, माझ्याकडं न बघता म्हणाले, "जोडा तारा." मी जोडल्या. पहिल्या लाथेला गाडी सुरू झाली. साडेनऊला ते निघाले, मान खाली घालून, चोरासारखे.

धूळ खाली बसली तेव्हा अक्कानं डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "बगितलंसा पावणं? कुकू लावलं म्हून तरी निघाली बाई!"

मी "हो" म्हणालो.

सांगलीला पोचायला त्यांना पाऊण वाजला. दुसरा माणूस तयारच होता. दिवाळी झाल्यावर साडूभाऊ नागपूरच्या पलीकडं एका खाणीवर ट्रक चालवायला गेले. दोन वर्षं होत आली. वर्षातून एकदा येतात, आठ दिवस राहतात. गाडी पडवीतच असते, चावी अक्काच्या गळ्यात. मला पत्र येतं: 'कुलपावर लक्ष असू द्यावे. शिसेच घालावे, तेल घालू नये. घरी कळू देऊ नये.'

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जातो. चाकं फिरवतो, तारा पाहतो, कुलूप रॉकेलनं धुतो. वाटी दर खेपेला लाल होते. तेल बंद झाल्यापासून चिखल होत नाही, नुसतं कोरडं कुंकू निघतं, बरंच. अक्का चहा आणून ठेवते आणि विचारते, "चावी फिरंल न्हवं, ते कायमचं आल्यावर?" मी फिरवून दाखवतो. मग ती ताट आणायला आत जाते.

या दोन वर्षांत माझ्या तीन वह्या भरल्या. उरलेली कामं नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायची माझी पद्धत आहे. परवा चौथी काढली. उतरवायला एकच होतं. अक्काला सांगणे.