बरणीतलं लाल तेल

रायाच्या, म्हणजे आमच्याकडच्या ईदच्या, तिसऱ्या दिवशी, तापा गावाहून डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याच्या एकोणिसाव्या मैलावर चिकगू नोरमाडियाची गाडी थांबली. इंजिन बंद पडलं नव्हतं. ते गळा काढून ओरडत होतं, चाकं मात्र ढिम्म. लिव्हर डीवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, काटा चार हजारांवर, आणि गाडी चक्क मागे घसरायला लागली. चिकगूनं हातब्रेक ओढला. माझ्या शेजारी मागे बसलेली तिची सून सुहायला देवाचं नाव घ्यायला लागली. पुढे बसलेला मुलगा हझवान आईला एवढंच म्हणाला, "माक, थांबली."

त्या दोन शब्दांत काय होतं ते गाडीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. गेल्या रायाला भरल्या घरात, सगळ्या भावंडांसमोर, हझवाननं नेहमीचं टुमणं लावलं होतं की आता एकटी राहू नकोस, शहरात चल, शाह आलमला, आमच्याकडे. तेव्हा चिकगू वैतागून म्हणाली होती, "ज्या दिवशी ही गाडी घाटात थांबेल त्या दिवशी येईन. झालं समाधान?" सगळे हसले होते. हझवान हसला नव्हता. त्यानं ते जपून ठेवलं होतं.

चिकगू म्हणजे बाई, शाळेतल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अख्खं तापा तिला चिकगूच म्हणतं. मीही म्हणते, पण आमच्यात अगंतुगं आहे. मी पूंगोडी, इस्पितळाच्या धोबीखात्यात तीस वर्षं चादरी धुतल्या, आता देवळाबाहेर हार विकते. दर गुरुवारी ती मला घेऊन डोंगरावर जाते. वरच्या मळ्यांतून मी शेवंती आणते, ती भाजी आणते आणि शनिवारच्या बाजारात विकते. पैशांची तिला गरज नाही, पेन्शन आहे. तिला घाट हवा असतो. वळणावर गाडीनं आपणहून खालचा गिअर घेतला की ती अशी मान डोलवते, जसं एखाद्या मठ्ठ पोरानं बरोबर उत्तर दिलंय.

शाळेत ती शिवण आणि स्वयंपाक शिकवायची. मग इंजिनाचा तास घेणारे मास्तर बदलून गेले आणि मुख्याध्यापकांनी तो तास हिच्या गळ्यात मारला. वर म्हणाले, पुस्तकातून वाचून दाखवा, पुरे. हिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि सुट्टीभर गॅरेजात जाऊन बसली. पोरं हसली, गॅरेजवाले हसले, नवराही हसला. पुढल्या वर्षी तिनं नवऱ्याला त्याच्याच गाडीतला बिघाड नुसत्या आवाजावरून सांगितला, तेव्हा हसणं थांबलं.

ही गाडी शहाण्णव सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक. रंग पांढरा होता म्हणतात. तिच्यात बसायचे चिकगूचे नियम आहेत आणि ते मला पाठ आहेत. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मागचा गिअर सोडून पुढचा घ्यायचा नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला लिव्हर न्यूट्रलला टाकायचा नाही. हे आमच्याकडे बहुतेक सगळे पुरुष करतात आणि मग गिअरबॉक्सला शिव्या देतात. घाट उतरताना लिव्हर दोनवर. महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडी वीस मिनिटं फिरवून आणायची, इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी बाहेर काढायची, वास घ्यायचा आणि एक थेंब टिपकागदावर सोडायचा. ते टिपकागद तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे टांगलेले आहेत, खाली तारखा घातलेल्या. थेंब काळपट झाला, करपल्याचा वास आला, की तेल बदलायचं; तेही एकदम सगळं नाही, थोडं थोडं. तिच्या भावंडांच्या तीन गाड्या तेवढ्या काळात भंगारात गेल्या.

तर एकोणिसावा मैल. गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसानं दोर काढला आणि म्हणाला, न्यूट्रलला टाका, ओढतो. चिकगू गाडीपुढे आडवी उभी राहिली.

"पुढची दोन्ही चाकं उचलून घे."

"आंटी, बारा वर्षं ओढतोय मी गाड्या."

"बारा वर्षं मारतोयस. चाकं जमिनीवर फिरली तर आतला गिअरबॉक्स तेलावाचून कोरडा घासतो. उचल, नाहीतर जा."

हझवान कपाळावर हात मारून म्हणाला, "माक, मेलेल्या गाडीचे लाड कशाला?" तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाकं उचलली गेली.

रायाच्या दिवसांत उघडं होतं ते एकच गॅरेज, आ क्योंगचं. आ क्योंग पन्नाशीचा, चिकगूचा जुना विद्यार्थी. त्यानं इंजिन चालू केलं, कांडी ओढली आणि शिट्टी वाजवली. कांडीवर तेल नव्हतं, गुलाबी फेस होता. रायाला घरोघर देतात ना, गुलाबाच्या सरबतात दूध घालून, ते बांडुंग? हुबेहूब तसा.

"पाणी शिरलंय चिकगू," आ क्योंग म्हणाला. "रेडिएटर आतून कुजला, तिथून पाणी गिअरबॉक्सात. चाकांना जोर देणारे आतले सगळे पट्टे सुटले असणार. खेळ खलास."

"नक्की?" हझवाननं विचारलं. त्याच्या आवाजात सुटल्याची भावना होती, आणि ती मला ऐकू आली. माझं टाळकं तिथेच सटकलं.

"नक्की. माझ्याकडे जपानहून अर्ध्यात कापून आलेल्या गाड्यांचा माल आहे, त्यातला गिअरबॉक्स बसवतो. पण या वयाच्या गाडीत..." त्यानं खांदे उडवले.

"नको, तावके," हझवान म्हणाला. गॅरेजच्या मालकाला आम्ही तावकेच म्हणतो. "गाडी इथेच राहू दे, भंगारवाल्याशी बोल. माक, तू स्वतःच म्हणाली होतीस. मी काही जबरदस्ती करत नाही."

चिकगू रेडिएटरचं झाकण उघडून आत वाकून बघत होती. "पाणी कमी झालेलं नाही," ती म्हणाली. "पाण्यावर तेलाचा तवंग नाही. क्योंग, जॅमची रिकामी बरणी आहे? काचेची."

"चिकगू, मी हे रोज बघतो."

"तू सातवीतसुद्धा रोज बघायचास, फळ्याकडे नाही, खिडकीबाहेर. बरणी दे."

त्यानं दिली. तिनं पातळ नळीनं गिअरबॉक्समधलं थोडं तेल बरणीत ओढलं. गढूळ, गुलाबी, फेसाळ. बरणी तिनं काउंटरवर, कॅलेंडरखाली ठेवली.

"आता एक तास थांबायचं. तेलात पाणी मिसळलं असेल तर हा रंग उद्यापर्यंत असाच राहील, आणि मी उद्या तुझ्याबरोबर शाह आलमला येईन, हझवान. नुसती हवा घुसळली असेल तर फेस वर येऊन मरेल आणि खाली लाल तेल दिसेल. बरणीला हात कोणी लावायचा नाही."

तो तास मी विसरणार नाही. हझवान बाकावर बसून आईला घर समजावत होता. नववा मजला, पण दोन लिफ्ट आहेत. खाली प्रार्थनेची खोली आहे. समोर मॉल आहे, आत थंडगार असतं, चालायला छान. तुझ्या खोलीला खिडकी आहे, माक. वाईट मुलगा नाही तो. पण प्रत्येक वाक्यागणिक मला दिसत होती ती त्या खिडकीत बसलेली चिकगू, खाली दुसऱ्यांच्या गाड्या बघत.

शेवटी मी तोंड उघडलं. "आणि मी? मी कोणाबरोबर जाऊ फुलांना? तू नववा मजला सांगतोस, तिथे टिपकागद कुठे लावायचे ते पण सांग!"

"आंटी, तुमचं दुःख मला कळतं, पण..."

"काही कळत नाही तुला. तुझ्या आईला भाजीसारखं पिशवीत घालून नेतोयस."

सुहायलानं नवऱ्याच्या बाहीला हळूच चिमटा काढला. चिकगू म्हणाली, "पूंगो, गप्प बस. बरणी बघ." पण तिचा हात माझ्या हातावर होता आणि तो गार होता. ती घाबरली होती. बावीस वर्षांच्या आमच्या मैत्रीत तिला मी पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली.

आधी तळाशी करंगळीएवढी रेघ दिसली. मला वाटलं, सावली असेल. आ क्योंग चहाचा ग्लास घेऊन जवळ आला आणि चहा प्यायचं विसरला. रेघ वाढत वर चढली. तास व्हायच्या आत बरणीत लालभडक, आरपार दिसणारं तेल होतं आणि वर फेसाची पातळ साय, तीही फुटत चाललेली.

"पाणी नाही," आ क्योंग म्हणाला. मग त्यानं गाडीतली कांडी पुसून पुन्हा घातली, काढली, आणि खुणेच्या वर कुठवर ओलं आहे ते बोटानं दाखवलं. चांगलं चार बोटं. "चिकगू, यात लिटरभर तरी तेल जास्त आहे. गावात जाणवलं नाही, पण घाटाच्या चढावर फिरणाऱ्या चक्रांनी ते घुसळलं. फेसाला जोर कुठला असणार? म्हणून चाकं ओढेनात. पण इतकं तेल घातलं कोणी?"

चिकगूनं पर्समधून या महिन्याचा टिपकागद काढला. रायाच्या आठ दिवस आधीची तारीख, लाल थेंब, खाली तिच्या अक्षरात 'पातळी बरोबर'. तो तिनं काउंटरवर ठेवला आणि कोणाकडेही न बघता उभी राहिली. तिला कळलं होतं. मला वाटतं बरणी मागितली तेव्हाच संशय आला होता, आणि आता तिला ते हझवानच्या तोंडून हवं होतं.

रायाच्या आदल्या दिवशी आमच्या गावात काय होतं? शहरातली पोरं घरी येतात आणि सकाळी उठून अंगणातल्या झाडून सगळ्या गाड्यांची सेवा करतात. हवा भरतात, पाणी घालतात, तेल बघतात. वर्षभर आईबापांकडे फिरकलो नाही त्याची भरपाई म्हणा.

"मी घातलं," हझवान म्हणाला. "रायाच्या आदल्या सकाळी. खुणेच्या खाली होतं, म्हणून बाटली आणून वरच्या खुणेपर्यंत भरलं."

"इंजिन तापलेलं होतं?"

"नुकतंच चालू केलं होतं."

"खुणा किती आहेत कांडीवर?"

तो कांडी घेऊन बघायला लागला. एक खूण थंड गाडीची, एक तापलेल्या गाडीची, शेजारी तसं कोरलेलं. थंड तेल त्यानं तापलेल्या खुणेपर्यंत भरलं होतं, आणि तेल तापलं की फुगतं. पस्तिशीतला बाप्या, मोठ्या कंपनीत नोकरी, आणि चेहरा असा की जणू आईनं सगळ्या वर्गासमोर बाकावर उभं केलंय. आ क्योंग हसणार होता, पण चिकगूनं डोळे वटारल्यावर त्यानं ग्लास तोंडाला लावला.

"आणखी कोणाच्या गाडीत भरलंस?"

"थोरल्या काकांच्या."

"फोन लाव त्यांना. आत्ता. गाडी हलवू नका म्हणावं."

त्यानं फोन लावला. काका आधीच घाटात निघायच्या तयारीत होते. त्यांनी फोनवरून जे सुनावलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आ क्योंगनं जास्तीचं तेल नळीनं काढून टाकलं, इंजिन तापवलं, सगळे गिअर फिरवून पाहिले, पातळी पुन्हा मोजली. गाडीनं डी घेतला तो लोण्यात सुरी जावी तसा. "नशीब लगेच थांबवलीत," तो म्हणाला. "नाहीतर पट्टे खरंच जळले असते."

तरी हझवाननं एकदा शेवटचा प्रयत्न केलाच. आवाज खाली आणून म्हणाला, "माक, मला गिअरबॉक्सची भीती नाही. तू एकटी असताना थांबली तर?"

"तर थांबेल. मी उतरून बॉनेट उघडेन." मग ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याएवढी जेमतेम. "तू काळजीनं भरलंस, हे मला कळतंय. पण मला न विचारता भरलंस. घर पण तसंच ठरवलंस. ही गाडी घाटात थांबली नाही, तू थांबवलीस. गेल्या वर्षीचा शब्द माझ्या लेखी संपला. आता नवा शब्द तू द्यायचा. ज्या दिवशी ही खरंच थांबेल, त्या दिवशी मी शाह आलमला येणार नाही. तू इथे यायचं, आणि आपण दोघं दुसरी शोधायची."

"जुनीच?" सुहायलानं विचारलं. हसू तिला आवरत नव्हतं.

"कांडीवाली. हल्लीच्या गाड्यांना कांडीच नसते, आपल्यापासून लपवायला."

हझवाननं गाडीतली कांडी बाहेर काढली. मग म्हणाला, "येईन." आणि कांडी आईच्या हातात दिली. तिनं ती परत त्याच्याच हातात ठेवली, वर नवा टिपकागद दिला. त्यानं थेंब सोडला, तारीख घातली, खाली 'पातळी बरोबर' लिहिलं. अक्षर तिच्याइतकं चांगलं नव्हतं.

ऊन उतरायच्या आत आम्ही पुन्हा डोंगराकडे निघालो. हझवान सवयीनं पुढचं दार उघडून आत बसायला लागला.

"मागे," चिकगू म्हणाली. "ती जागा पूंगोची आहे."

मी पुढे बसले. एकोणिसाव्या मैलाच्या वळणावर गाडीनं आपणहून खालचा गिअर घेतला आणि चिकगूनं मान डोलावली.